लाल खिळ्यावरचा बिल्ला

डिचोली तालुक्यातल्या त्या नदीकाठच्या जेटीवर, ऑपरेटरच्या केबिनमध्ये, एक लाल खिळा होता. त्यावर अडकवलेल्या वस्तूला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. न लिहिलेले नियम माणसं जास्त मनापासून पाळतात, तसा तोही पाळला जाई.

खाणीतलं खनिज ट्रकांनी जेटीवर यायचं, नरसाळ्यासारख्या लोखंडी हॉपरात ओतलं जायचं, हॉपराच्या तळाशी असलेल्या सरकत्या पट्ट्यावरून बार्जीत पडायचं आणि बार्ज मुरगावची वाट धरायची. पावसाळा सरून हंगाम सुरू झाला की खनिज ओलं असे, आणि ओलं खनिज हॉपराच्या नरड्यात अडकून बसे. मग दोघेतिघे शिडीने आत उतरत आणि पहारींनी ते मोकळं करत. आत माणूस असताना पट्टा चालू झाला तर पायाखालचं खनिज सरकणार आणि माणूस त्याच्याबरोबर खाली खेचला जाणार. तिथून मग कुणी वर येत नाही.

म्हणून बिल्ले होते. प्रत्येक कामगाराचा एक पितळी बिल्ला, त्यावर देवनागरीत ठोकलेलं नाव. नुसतं नाव, आडनाव नाही. आडनाव घालून उपयोग काय, निम्मी जेटी गावस आणि उरलेली परब! आत उतरणाऱ्याने फळीवरून आपला बिल्ला काढायचा आणि केबिनमधल्या लाल खिळ्यावर लटकवायचा. खिळा पट्ट्याच्या चालू बटणाच्या बरोबर वर ठोकलेला होता, त्यामुळे बिल्ला लटकला की बटण झाकलं जाई. बाहेर आल्यावर ज्याचा बिल्ला त्यानेच काढायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावणाऱ्याशी जेटीवर कुणी बोललं नसतं.

पण साहेबांच्या डोळ्यांना बिल्ले दिसत नाहीत, आकडे दिसतात. पट्टा दिवसाला किती वेळ बंद राहतो, का राहतो, आत कोण उतरलं, हे मुरगावच्या मोठ्या ऑफिसला बसल्या जागी हवं होतं. गोवा राज्य होऊन वीस वर्षं झाली, कॉम्प्युटर पंचायतीतसुद्धा पोचला, आणि आपण अजून पितळ लटकवतोय, असं मॅनेजर साहेब म्हणाले. बिल्ल्यांच्या जागी कॉम्प्युटर बसवायचं काम म्हापशाच्या एका लहानशा कंपनीला मिळालं, आणि त्या कंपनीत ते मनीषाकडे आलं. मनीषा लाटंबार्श्याची. तिचा बाप सगुण त्याच जेटीवर हॉपरात उतरणाऱ्यांपैकी एक.

कामगार सहजासहजी ऐकणारे नव्हते. कोल्हापूरकडचा निवृत्ती तर मीटिंगमध्ये उभाच राहिला. "आमी न्हाय देणार बिल्ला," तो म्हणाला. "पितळ कवा हँग हुतंय व्हय?"

तेव्हा सगुण उठला. एरवी मीटिंगमध्ये तोंड न उघडणारा माणूस. "माज्या चेडवान केलेला आसा ता," तो म्हणाला. "फळी काडा. पयलो बिल्लो माजो घेवा." एवढं बोलून तो खाली बसला, आणि पोरीच्या नावाने कॉलर ताठ करायची संधी मिळालेल्या बापापुढे भांडायला निवृत्तीसुद्धा धजावला नाही. सगुणने एक अट मात्र घातली: पडद्यावर नावं आपल्या अक्षरांत हवीत. यावर केबिनमधला ऑपरेटर भिकाजी, पेडण्याचा, लगेच "बरोबर" म्हणाला. हे नवलच होतं. भाषेच्या आंदोलनात सगुण मराठीसाठी घसा बसेपर्यंत ओरडला होता आणि भिकाजी कोंकणीसाठी, आणि त्यानंतर वीस वर्षं दोघे एकाच बोलीत एकमेकांना शिव्या घालत आले होते. पण अक्षरं दोघांची एकच.

मनीषाने नावं तशीच घेतली, बिल्ल्यांवरून, एकेक बघून. बापाचं नाव पडद्यावर मोठ्या काळ्या अक्षरांत उमटलं तेव्हा तिला भरून आलं होतं.

कामात एकच अडचण होती. पट्ट्याच्या बटणाला वीज द्यायची की नाही हे ठरवणारा प्रोग्राम कंपनीकडचा जुनाच होता. तो लिहिणारा माणूस कधीच परदेशी निघून गेला होता. प्रोग्राम उघडून दुरुस्त करता येत नव्हता, फक्त वापरता येत होता. त्याला नाव कळवायचं: अमुक आत गेला, अमुक बाहेर आला. तो आपली यादी ठेवायचा. यादीत नाव असेल तोवर लाल दिवा आणि बटण मेलेलं. यादी रिकामी झाली की हिरवा दिवा आणि बटण जिवंत. ऑपरेटर घाईत एकच नाव दोनदा दाबतात, म्हणून एक नाव तो एकदाच धरायचा. शहाणा प्रोग्राम होता, फक्त म्हातारा होता.

प्रोग्राम लिहिणारे अक्षरांच्या माळेला स्ट्रिंग म्हणतात. मनीषाच्या नव्या प्रोग्रामातली स्ट्रिंग मॅनेज्ड, म्हणजे तिची सगळी उस्तवार यंत्रणाच करते, आणि तिच्या प्रत्येक खणात जगातल्या कुठल्याही लिपीचं अक्षर मावतं. जुन्याची स्ट्रिंग नेटिव्ह. तिचे खण अरुंद, रोमन अक्षरांपुरते. नाव नेटिव्ह, आणि इथलं एक अक्षर त्याला वाचता येत नाही! नव्यातलं नाव जुन्याला द्यायचं तर मध्ये रूपांतर करावं लागतं, आणि त्यासाठी एका ओळीचं तयार साधन मिळतं. मनीषाने ते वापरलं. कुठे काही अडलं नाही, चूक दाखवणारी एक ओळसुद्धा आली नाही. रविवारी जेटी बंद असताना तिने सगळ्यांसमोर चाचणी घेतली. भिकाजी आणि निवृत्ती, अशी दोन नावं आत घातली, भिकाजीला बाहेर काढलं. दिवा लालच राहिला. निवृत्तीला बाहेर काढलं. दिवा हिरवा झाला. टाळ्या पडल्या. निवृत्तीनेही वाजवल्या, थोड्या उशिरा.

सोमवारी सकाळी शेवंताने, मनीषाच्या आईने, उंडे पाव आणि पातळ भाजी पुढ्यात ठेवली तेव्हा बापलेकीचं लक्ष खाण्यात नव्हतंच. "दोघांकय कसली गो एवडी घाय?" ती म्हणाली. सगुण पोरीच्या स्कूटरवर मागे बसून जेटीवर आला. फाटकाशी उतरल्यावर त्याने खिशातून बिल्ला काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. फळी आदल्या संध्याकाळीच उतरवून गोदामात टाकली होती. बाकीचे बिल्लेही तिथेच गेले होते.

"हो तू ठेव," तो म्हणाला. "आता माका नाका. तुजा मशीन आसा."

इतक्या वर्षांच्या हाताने बिल्ला गुळगुळीत झाला होता. ‘सगुण’ ही अक्षरं मात्र खोल होती. मनीषाने तो ऑफिसात कॉम्प्युटरशेजारी ठेवला आणि कामाला बसली.

ऑफिस वजनकाट्याजवळ, आणि केबिन थेट नदीच्या अंगाला, लोखंडी जिना चढून वर. मध्ये ट्रकांची रांग आणि लाल चिखल. त्या दिवशी भरती असेपर्यंत बार्ज भरून काढायची होती. ओहोटी लागली की ती तळाला टेकणार आणि उद्यापर्यंत हलणार नाही. मॅनेजर साहेब सकाळपासून नदीकडे आणि घड्याळाकडे आळीपाळीने बघत होते. आणि नेमका हॉपर तुंबला. संकट कधी मुहूर्त बघून येत नाही, पण आलं की नेमकं गळ्याशीच येतं.

मनीषाने खिडकीतून पाहिलं. सगुण आणि बांद्याचा दीपक, दोघे डोक्यावर हेल्मेट घालून हॉपराच्या शिडीकडे निघाले होते. सगुणने खिडकीकडे बघून हात केला. केबिनच्या काचेतून भिकाजी मान हलवताना दिसला, म्हणजे त्याने दोघांची नावं पडद्यावर दाबली होती. दिवा लाल झाला. तिचा दिवा, तिच्या बापासाठी लागलेला! तिला इतका आनंद झाला की तिने मुरगावच्या ऑफिसला पाठवायच्या अहवालाचं काम लगेच हातात घेतलं. जुन्या प्रोग्रामने धरलेली नावं परत वाचून आणायची आणि त्यांचा तक्ता करायचा, एवढंच उरलं होतं. उजव्या हाताने ती कळा दाबत होती, डाव्या हातात बिल्ला फिरवत होती.

तक्ता पडद्यावर आला. नावाच्या जागी नाव नव्हतं. प्रश्नचिन्हं होती, ओळीने चार.

ती आधी चिडली. अक्षर मावलं नाही की रूपांतर त्या जागी प्रश्नचिन्ह टाकून मोकळं होतं, हे तिला प्रशिक्षणात शिकवलं होतं. ती विसरली होती. आता साहेब म्हणणार, हेच का तुमचं काम? संध्याकाळपर्यंत दुरुस्त करू, असं तिने ठरवलं आणि त्या ओळीकडे पुन्हा पाहिलं.

ओळ एकच होती. आत माणसं दोन गेली होती.

तिने बिल्ल्याकडे पाहिलं. स, ग, गला लागलेला उकार, ण. कॉम्प्युटर उकारालाही वेगळा खण देतो, वेलांटीलाही. दीपक: द, वेलांटी, प, क. तेही चार. तिच्या पडद्यावर ती दोन नावं होती, पण पलीकडे पोचेपर्यंत दोन्हींची चार-चार प्रश्नचिन्हं झाली होती, आणि म्हाताऱ्या प्रोग्रामने एकच नाव दोनदा आलं असं समजून ते एकदाच धरलं होतं. भिकाजी आणि निवृत्ती. रविवारी तिने घेतलेली दोन नावं लांबीला वेगवेगळी होती. आखूड-लांब प्रश्नचिन्हं त्याला वेगळी ओळखता आली होती, म्हणून टाळ्या पडल्या होत्या.

दोघांतला एक बाहेर आला की यादी रिकामी होणार. दिवा हिरवा होणार. आणि जुन्याने यादी रिकामी म्हटली की पडद्यावरची सगळी नावं पुसून टाकायची, हे तिनेच मोठ्या हौसेने लिहिलं होतं.

तिने खिडकीकडे मान वळवली, तर दीपक हॉपराच्या कडेवरून बाहेर येत होता. एकटाच. त्याने केबिनकडे हात वर केला, "मी भायर" अशी खूण केली आणि गोदामाकडे चालू लागला. लांब पहार आणायला निघाला असावा. भिकाजीने पडद्यावर बोट टेकलं. केबिनच्या छपरावरचा दिवा हिरवा झाला.

मनीषाने इंटरकॉम उचलला. घंटा वाजत राहिली. जेटीवर हॉपर दोन होते, दुसऱ्याचा पट्टा जोरात चालू होता आणि भिकाजी कानांत कापसाचे बोळे घालून बसायचा, हे तिला माहीत होतं. तरी तिने घंटा वाजू दिली, आणि ते दोन क्षण वाया गेले म्हणून तिला स्वतःचाच राग आला. रिसीव्हर टेबलावर तसाच टाकून ती धावली.

दारात मॅनेजर साहेब उभे होते. "पट्टा बंद करा, बाबा आत आहे!" ती ओरडली. साहेबांनी वर दिव्याकडे पाहिलं. "अगं, हिरवा आहे," ते समजुतीने म्हणाले. तिच्याच दिव्याची साक्ष ते तिलाच देत होते. ती त्यांना ढकलून पुढे गेली.

ट्रक एकमेकांना चिकटून उभे होते. दोन ट्रकांमधून ती आडवी घुसली, चिखलात चप्पल रुतली, ती तिथेच टाकली. आणि भोंगा झाला. पट्टा चालू करण्याआधी ऑपरेटर भोंगा लांबवर वाजवतो आणि तो थांबला की बटण दाबतो. जेटीवर पट्टे दोन आणि भोंगा एकच, म्हणून आतली माणसं भोंग्याने घाबरून वर यायची नाहीत. समजायची, दुसऱ्या पट्ट्याचा असेल. आपला बिल्ला आहे खिळ्यावर. आज सगुण काय समजणार होता? आपलं चेडू आहे बाहेर, असं समजून तो निवांत पहार मारत असणार. हा विचार आला आणि मनीषाच्या तोंडून धावता धावताच रडू फुटलं.

"भिकाजीकाका! काका!" भोंग्याखाली तिचा आवाज तिलाही ऐकू आला नाही. जिन्याची पहिली पायरी चुकली, गुडघा लोखंडावर आपटला. ती हातांनी कठडा ओढत वर चढली. केबिनचं दार उघडेपर्यंत भोंगा थांबला.

भिकाजी दाराकडे पाठ करून उभा होता. डोळे खाली नदीवर, बार्जीवर. उजवा हात बटणाकडे निघालेला. बोलायला वेळ नव्हता, आणि बोलून त्याला ऐकू जाणार नव्हतं. हात धरावा तर तो तिच्या दुप्पट ताकदीचा. झटापटीत बटण दाबलंच जायचं. हातात बिल्ला होता. तो आपण अख्ख्या वाटेत मुठीत धरून आणला आहे हे तिला तेव्हाच कळलं. भिकाजीच्या खांद्यावरून तिने हात पुढे घातला आणि बिल्ला लाल खिळ्यावर अडकवला.

फळी काढली होती, बिल्ले गोळा केले होते, पण खिळा उपटायचं कुणाला सुचलं नव्हतं.

पितळ बटणापुढे लोंबलं आणि भिकाजीचं बोट तिथेच थांबलं. त्याने काही वाचलं नव्हतं, काही समजून घेतलं नव्हतं. खिळ्यावर बिल्ला आहे, एवढं त्याच्या हाताला दिसलं. वीस वर्षं त्या हाताला हेच माहीत होतं. मग त्याने सावकाश हात मागे घेतला, बिल्ल्यावरचं नाव वाचलं, आणि वळून मनीषाकडे पाहिलं. कानांतले बोळे काढले.

"सगुण भितर आसा?" त्याने विचारलं.

"आसा."

"पण हो हिरवो..." त्याने पडद्याकडे बोट केलं. पडदा रिकामा, स्वच्छ, एकही नाव नाही.

"हिरवो खोटो, काका. माजी चूक."

भिकाजी खुर्चीवर बसला. दोन्ही हात त्याने मांड्यांखाली दाबून धरले, जणू ते पुन्हा आपणहून बटणाकडे जातील. "माज्या हातान," तो पुटपुटला. "सगुणाक माज्या हातान..."

तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. मॅनेजर साहेब धापा टाकत आत आले. भरतीची वेळ निघून चालली होती, बार्ज अर्धी रिकामी होती, आणि दिवा हिरवा असताना पट्टा उभा होता. "काय चाललंय?" ते म्हणाले. "दीपक बाहेर आलेला मी स्वतः पाहिला. सगुणही आला असणार, पडदा सांगतोय ना? चालू करा!" आणि बिल्ला बाजूला करायला त्यांनी हात पुढे केला.

भिकाजी उठला. साहेबांसमोर एवढ्या वर्षांत त्याने मान वर केली नव्हती. आता तो त्यांच्या आणि खिळ्याच्या मध्ये उभा राहिला.

"सायबा, हात लावू नाका. ज्याचो तो काडतलो."

"अरे पण हे सगळं बंद केलंय आपण! नवी सिस्टीम..."

"सिस्टीम माझी आहे," मनीषा म्हणाली. "मी ती चुकीची केली. सगुण आणि दीपक ही दोन नावं तिला एकच वाटतात. एक बाहेर आला की ती दोघांनाही बाहेर समजते. आमची अक्षरं जुन्या प्रोग्रामात मावत नाहीत हे मी तपासलं नाही. बाबा आत आहे, साहेब. अजून आत आहे."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला आणि तो कुठे ठेवावा हे न कळून खिशात घातला. त्यांच्यावरही रागवावं असं मनीषाला वाटेना. सकाळपर्यंत तीही त्या दिव्याला देवासारखी मानत होती.

मग वाट पाहणं आलं, आणि ते धावण्याहून वाईट होतं. दीपक लांब पहार घेऊन परत आला आणि पुन्हा आत उतरला. तो जाताना कुणाचाही हात पडद्याकडे गेला नाही. भिकाजी काचेला नाक लावून हॉपराच्या कडेकडे बघत होता. खाली नदीचं पाणी चढायचं थांबलं. कधीतरी हॉपरातून खनिज सुटल्याचा घरंगळता आवाज आला आणि मनीषाने डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा कडेवर आधी एक हेल्मेट दिसलं, मग दुसरं. सगुण बाहेर आला, कमरेवर हात ठेवून ताठ झाला, आणि पट्टा अजून बंद कसा म्हणून केबिनकडे पाहू लागला. त्याने खूण केली: आम्ही दोघंही बाहेर.

भिकाजीने मान हलवली नाही. हाताने त्याला वर बोलावलं.

सगुण जिना चढून आला तो हसतच. "काय रे भिकल्या, न्हिद लागली काय तुका?" मग त्याला साहेब दिसले, अनवाणी उभी असलेली मनीषा दिसली, तिचा फुटलेला गुडघा दिसला. आणि मग खिळ्यावरचा आपला बिल्ला दिसला. जो त्याने सकाळी तिच्या हातात दिला होता.

त्याने बिल्ल्याकडे पाहिलं, हिरव्या दिव्याच्या उजेडाकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. काय झालं असेल ते समजायला त्याला कॉम्प्युटर यावा लागत नव्हता. तरी मनीषाने सांगितलं. सगळं सांगितलं, प्रश्नचिन्हांपासून. आपल्या तोंडाने सांगायचं हे तिने वाट पाहतानाच ठरवलं होतं.

तिचं सांगून झाल्यावर तो पुढे झाला आणि आपल्या हाताने बिल्ला खिळ्यावरून काढला. बटण मोकळं झालं. भिकाजीने खिडकीतून पुन्हा एकदा दीपककडे पाहून खात्री केली आणि मगच भोंगा वाजवला. पट्टा चालू झाला, पायाखालची जमीन थरथरू लागली. मनीषाने बिल्ल्यासाठी आपसूक हात पुढे केला.

सगुणने तो तिला दिला नाही. शर्टाच्या खिशात टाकला आणि खिशाचं बटण लावलं.

तिला ते लागलं. लागायलाच हवं होतं, हेही तिला त्याच क्षणी पटलं. तिने हात मागे घेतला.

"सायबा," सगुण मॅनेजरांना म्हणाला, "बाकीचे बिल्ले गोदामात आसत. फळी आजच लावा." साहेबांनी मान डोलावली. ते खाली जाऊ लागले तेव्हा दारात निवृत्ती उभा होता. "मी म्हणलं हुतं" असं तो म्हणेल अशी सगळ्यांची अपेक्षा होती. तो म्हणाला नाही. बिल्ले आणायला तो साहेबांच्या पुढे गेला.

केबिनमध्ये तिघं उरली. मनीषा मान खाली घालून म्हणाली, "मी हे काम सोडते, बाबा. दुसऱ्या कुणालातरी देऊ दे."

"कित्याक?" सगुण म्हणाला. "तुजी चूक तुका गावली. दुसऱ्याक गावपाक आनी एक मनीस भितर जावचो पडतलो." त्याने तिच्या गुडघ्यावरचा लाल चिखल अंगठ्याने पुसला. "तू दुरुस्त कर. कितले दीस लागतले ते लागू दी. आनी दुरुस्त झाला काय पयलो मीच उतरतलंय. दीपकाक घेवन."

मनीषाने चमकून वर पाहिलं. "पण बिल्ला लावून ना, बाबा?"

"बिल्लो लावन," तो म्हणाला. "आनी दीपक भायर येयपर्यंत तो खिळ्यावर. मगे मी भितर आसताना भिकाजी माजो बिल्लो काडतलो, माज्या हुकुमान, एकदाच. मगे तो दिवो लाल रवता काय ना ता बघया." तो थांबला. भिकाजीने नकारार्थी मान हलवायला सुरुवात केली होती, तिकडे त्याने लक्ष दिलं नाही. "बटणार भिकाजी बसचो ना. बटणार हात तुजो."

सगुणने खिशावरून एकदा हात फिरवला, हेल्मेट काखेत मारलं आणि तो हातपाय धुवायला नळाकडे गेला.